चौदा, नऊ, आठ, सात

२०२५ च्या नोव्हेंबरात बेसबॉलच्या अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक; दुसरा नॅशनल लीग) एमव्हीपीचा, म्हणजे हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्काराचा, निकाल लागला. न्यूयॉर्क यँकीजचा ॲरन जज ३५५ गुण, सिॲटल मरिनर्सचा कॅल राली ३३५. तीस मतदार प्रत्येकी दहा नावं क्रमाने लिहितात, क्रमाप्रमाणे गुण मिळतात; पहिल्या पसंतीची मतं १७ विरुद्ध १३. बातमीला एवढं पुरतं. पण हे आकडे जरा उलगडून बघा. जजची १७ पहिली मतं, प्रत्येकी चौदा गुण, म्हणजे २३८. उरलेल्या १३ जणांनी त्याला दुसरं ठेवलं असेल तर प्रत्येकी नऊ, म्हणजे ११७. बेरीज बरोबर ३५५. रालीचंही तसंच: तेरा गुणिले चौदा १८२, सतरा गुणिले नऊ १५३, झाले ३३५. एक गुणही इकडचा तिकडे नाही. तीसच्या तीस मतदारांनी हेच दोघं पहिल्या दोन रकान्यांत लिहिले; कोण वर आणि कोण खाली, एवढाच मतभेद. बेसबॉलच्या मतमोजणीत इतकी नितळ बेरीज नेहमी लागत नाही. आणि तरीही सिॲटलमध्ये ‘लुटलं आम्हाला’ हा सूर हिवाळाभर राहिला, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. कारण लुटालूट जर कुठे होत असेल, तर ती अशा वर्षी होत नाही. ती होते गचाळ बेरजेच्या वर्षी, आणि तेव्हा तिकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं.

भांडण सगळं दुसऱ्याच गोष्टीवर चालतं.

ते भांडण असं. राली कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने फेकलेले चेंडू झेलणारा. दर चेंडूला उकिडवं बसायचं, पिचरला सांभाळायचं, मास्कवर फाउल टिप, म्हणजे बॅटला चाटून आलेले चेंडू, झेलायचे, आणि हे सगळं करून त्याने साठ होम रन (चेंडू थेट कुंपणापार) मारले. कॅचरसाठी आधीचा विक्रम ४८ चा होता, २०२१ मधला साल्वादोर पेरेझचा. जज आउटफिल्डमधला, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातला. बॅटिंगची सरासरी (दर संधीमागे यशस्वी फटके) .३३१, दोन्ही लीग धरून सर्वांत वर, त्यात ५३ होम रन. नुसती बॅट बघितली तर जज पुढे. हाताला ग्लोव्ह चढवला की राली जवळ येतो. किती जवळ, हे कुठलं यंत्र वापरता त्यावर ठरतं. ‘वॉर’ नावाचा जो आकडा आता सगळ्यांच्या तोंडी आहे, तो म्हणजे एखाद्या खेळाडूच्या जागी कुठल्याही संघाला सहज मिळेल असा बदली गडी उभा केला असता तर संघाने किती विजय गमावले असते त्याचा अंदाज. ढोबळ हिशेब दहा धावांना एक विजय. त्यात जागेप्रमाणे भर किंवा वजावट: फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या कोष्टकात पूर्ण हंगामाला कॅचरला साडेबारा धावा जमा, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरला) साडेसात, कोपऱ्यातल्या आउटफिल्डरच्या खात्यातून साडेसात वजा, फर्स्ट बेसला साडेबारा वजा, आणि नुसती बॅटिंग करणाऱ्या डेझिग्नेटेड हिटरला साडेसतरा वजा. कडेवरचा चेंडू ग्लोव्ह अलगद आत ओढून अंपायरकडून स्ट्राइक, म्हणजे बॅटरविरुद्धचा निकाल, मिळवण्याची कॅचरची कला फॅनग्राफ्स मोजतं, बेसबॉल रेफरन्स हे तसलंच दुसरं संकेतस्थळ मोजत नाही. म्हणून एकाच्या तक्त्यात राली जजच्या बराच मागे दिसतो आणि दुसऱ्याच्या तक्त्यात पुष्कळ जवळ. दोन्ही तक्ते प्रामाणिक आहेत. मतदाराने कुठला उघडला, एवढाच प्रश्न.

मतदारांना जे पत्र मिळतं त्यात ‘मोलाचा’ म्हणजे काय याची व्याख्या नाही, आणि ती नाही असं पत्रातच स्पष्ट लिहिलेलं आहे. नियम १९३१ च्या पहिल्या मतपत्रिकेपासून तेच: संघासाठी खेळाडूचं प्रत्यक्ष मोल, म्हणजे बॅटिंग आणि फील्डिंगचं बळ, किती सामने खेळला, स्वभाव, वृत्ती, निष्ठा आणि मेहनत, आधी जिंकलेलेही पात्र, एकाच संघातल्या एकाहून अधिक खेळाडूंना मत देता येतं. खाली आणखी सूचना: दहाही जागा भरल्याच पाहिजेत, फक्त नियमित हंगाम धरायचा, पिचर आणि डेझिग्नेटेड हिटरसुद्धा पात्र आहेत, खेळाडू प्लेऑफला (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीला) गेलेल्या संघातलाच हवा असं नाही. आणि एक वाक्य असं की ते मला या सगळ्या पत्रातलं सर्वांत खरं वाटतं: दहाव्या क्रमांकाचं मतही निकाल फिरवू शकतं.

मतदार कोण? बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका या पत्रकारांच्या संघटनेचे सभासद. लीगमधल्या प्रत्येक संघाच्या गावातून दोन, म्हणजे १५ संघांचे ३०. गावागावात शाखा आहे आणि कुठल्या वर्षी कुणी कुठल्या पुरस्काराला मत द्यायचं हे शाखाच वाटून देते. ह्यूस्टनचा संघ २०१३ मध्ये नॅशनल लीगमधून अमेरिकन लीगमध्ये गेला तेव्हा कुठे दोन्ही लीगमध्ये तीस-तीस मतदार झाले. त्याआधी एकीकडे २८ आणि दुसरीकडे ३२. हॉल ऑफ फेमसाठी मत द्यायला दहा वर्षांचं सभासदत्व लागतं, तसली अट या पुरस्काराला नाही. न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट आणि लॉस एंजेलिस टाइम्स यांनी वर्षानुवर्षं आपल्या वार्ताहरांना मत देऊच दिलं नाही; बातमी लिहिणाऱ्याने बातमी घडवू नये, हे त्यांचं म्हणणं. मला ते तत्त्व म्हणून मान्य आहे. व्यवहार म्हणून नाही, कारण रोज क्लबहाउसमध्ये (खेळाडूंच्या खोलीत) उभं राहणारी तीच माणसं त्यामुळे बाहेर राहतात.

आता ती मतपत्रिका भरतात कशी, ते बघण्यासारखं आहे. मुदत कडक: नियमित हंगाम संपल्यावर, पोस्टसीझनचा पहिला चेंडू पडायच्या आत. म्हणजे सप्टेंबरअखेरचे ते दोन-तीन दिवस, ज्यांत या वार्ताहराला आपल्या संघाच्या हंगामाचा शेवटचा लेख लिहायचा असतो, प्लेऑफला गेला असेल तर विमान पकडायचं असतं आणि गेला नसेल तर मॅनेजर राहतो की जातो त्याच्या मागावर राहायचं असतं. पहिली दोन-तीन नावं मनात आधीपासून ठरलेली. चौथं ते सहावं थोडं घासाघीस करून बसतं. खरी पंचाईत सातव्यापासून. तिथे पंधराएक नावं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात: ३५ होम रनवाला फर्स्ट बेसमन, उत्तम ग्लोव्हचा पण .२७० चा शॉर्टस्टॉप, जुलैत महिनाभर जायबंदी असलेला पण उरलेल्या काळात लीगमध्ये सर्वोत्तम असणारा सेंटर फील्डर, एक क्लोजर (सामना संपवायला येणारा पिचर), दोन स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर). इथे फरक करायला पुराव्याचं बळ उरत नाही. मग काय होतं? कुणी वॉरचा तक्ता उघडून वरून खाली नावं उतरवतो. कुणी आपल्या गावच्या खेळाडूला दहावं देऊन टाकतो. आणि एक चूक ठरलेली: संकेतस्थळांवर बॅटर आणि पिचर यांचे तक्ते वेगळे असतात, बॅटरच्या तक्त्यावरून दहा नावं भरून झाली की पिचर नावाची जमात अस्तित्वात आहे हेच विसरलं जातं. गडबडीत गेलेलं नाव आणि ठरवून गाळलेलं नाव मतपत्रिकेवर अगदी सारखंच दिसतं. दोन्हीला गुण शून्य.

गुणांचं कोष्टक असं: पहिल्याला १४, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, आणि तिथून एकेक पायरी उतरत दहाव्याला १. एका मतपत्रिकेचे एकूण गुण ५९, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या पहिल्या नावाला. १९३७ पर्यंत पहिल्याला दहाच होते, दहा-नऊ-आठ अशी सरळ उतरंड. १९३८ पासून पहिल्याला चार गुण जास्त मिळायला लागले. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीतही पसंतीक्रम लिहितात, पण तिथे दुसऱ्या पसंतीचं मत गरज पडली तरच उघडतं. पहिल्या पसंतीवरच सगळ्या जागा भरल्या तर बाकीच्या ओळी नुसती शाई. इथे तसं नाही. इथे प्रत्येक ओळ मोजली जाते, आणि सगळ्यांची एकच बेरीज होते. त्यामुळे पहिल्या ओळीला चार गुण जादा देणं ही किरकोळ दुरुस्ती नाही. ‘बहुतेकांना पसंत असलेला’ आणि ‘काहींना अतिशय पसंत असलेला’ यांतला कोण जिंकणार, हे त्या चार गुणांत ठरतं.

१९७९ ची नॅशनल लीग घ्या. सेंट लुईसचा कीथ हर्नांडेझ, .३४४, लीगमध्ये अव्वल सरासरी, फर्स्ट बेसवर त्याच्यासारखा ग्लोव्ह त्या काळात दुसरा नव्हता. समोर पिट्सबर्गचा विली स्टार्जेल, वय ३९, सरासरी .२८१, ३२ होम रन, ८२ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा). कागदावर तुलनाच नाही. पण पायरेट्सच्या त्या संघाचा ‘पॉप्स’ तो होता. चांगला खेळ केला की तो सोबत्याला टोपीवर शिवायला एक सोनेरी तारा द्यायचा, आणि कोट्यवधींचे करार असलेले बाप्ये ते तारे टोपीभर मिरवायचे. मतं मोजली. हर्नांडेझ २१६, स्टार्जेल २१६. पुरस्काराच्या सगळ्या इतिहासात एवढी एकच बरोबरी. आता आत बघा. स्टार्जेलला पहिल्या पसंतीची १०, हर्नांडेझला ४. आणि चोवीसपैकी चार मतदारांनी स्टार्जेलचं नाव दहात कुठेच लिहिलं नव्हतं. त्या चौघांपैकी फक्त एकाने त्याला दहावं लिहिलं असतं, तर तो २१७ वर एकटा विजेता. उलट जुनं दहा-नऊ-आठचं कोष्टक लावा: स्टार्जेलचे चाळीस गुण कमी होऊन १७६, हर्नांडेझचे सोळा कमी होऊन २००. निकाल एकतर्फी हर्नांडेझकडे. नुसती पहिली मतं मोजा, स्टार्जेल एकतर्फी. चोवीस माणसांचं मत तेच, कागद तेच, शाई तीच. बेरजेची रीत बदलली की तीन वेगळे निकाल.

१९४७ तर आणखी बोचतं. बोस्टनच्या टेड विल्यम्सने त्या वर्षी ट्रिपल क्राउन मिळवला: .३४३, ३२ होम रन, ११४ आरबीआय, तिन्हींत लीगमध्ये पहिला. जो डिमॅजिओ .३१५, २०, ९७. पुरस्कार डिमॅजिओला, २०२ विरुद्ध २०१. एका मतदाराने विल्यम्सला दहातच घेतलं नव्हतं. विल्यम्स आयुष्यभर बोस्टनच्याच एका वार्ताहराला दोष देत राहिला. पुढे निघालं असं, की त्या वार्ताहराकडे त्या वर्षी मतच नव्हतं. ही हकीकत सगळे सांगतात. फारसं कुणी सांगत नाही ती गोष्ट अशी की डिमॅजिओला पहिली मतं आठ होती आणि विल्यम्सला तीन. जुन्या कोष्टकाने डिमॅजिओचे होतात १७०, विल्यम्सचे १८९. म्हणजे तो न लिहिणारा मतदार होता तसाच राहू द्या, हट्टी राहू द्या. १९३८ मध्ये वाढवलेले चार गुण नसते तर विल्यम्स एकोणीस गुणांनी जिंकला असता. दोष माणसाला देणं सोपं जातं. कोष्टकावर राग काढून समाधान होत नाही.

तसंच उलट उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त आवडतं, कारण त्यात एक लाडकी दंतकथा मोडते. १९२४, नॅशनल लीग. रॉजर्स हॉर्न्सबीची सरासरी .४२४. पुरस्कार मात्र ब्रुकलिनचा पिचर डॅझी व्हान्स घेऊन गेला, २८ विजय ६ पराभव, २६२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). मतदार आठ, पहिल्याला दहा गुण. सिनसिनाटीच्या वार्ताहराने हॉर्न्सबीला यादीतून पूर्ण गाळलं, आणि शंभर वर्षं त्या एका माणसाच्या नावाने बोटं मोडली जातात. पण निकाल होता व्हान्स ७४, हॉर्न्सबी ६२. त्या वार्ताहराने हॉर्न्सबीला थेट पहिलं लिहिलं असतं तरी ७२. व्हान्सला त्या मतपत्रिकेवर एक पायरी खाली ढकला, ७३. तरीही व्हान्सच. ही वजाबाकी पोस्टकार्डाच्या मागे मावेल एवढी आहे. केली कुणीच नाही.

त्याच काळातला अमेरिकन लीगचा नियम तर आज वाचताना गंमत वाटते: आठ मतदार, प्रत्येकाने प्रत्येक संघातला एकच खेळाडू निवडायचा, आणि एकदा जिंकलेला पुन्हा पात्र नाही. बेब रूथ १९२३ मध्ये ६४ पैकी ६४ गुण घेऊन जिंकला. १९२७ मध्ये त्याने साठ होम रन मारले तेव्हा तो मतपत्रिकेवर असूच शकत नव्हता. पुरस्कार गेला त्याच संघातल्या लू गेरिगला. गेरिगचं वर्ष कमी नव्हतंच, म्हणून कुणाला फार टोचलं नाही.

न लिहिण्याचं प्रकरण खऱ्या अर्थाने अंगाशी आलं ते १९९९ मध्ये. बोस्टनचा पेड्रो मार्टिनेझ, २३ विजय ४ पराभव, ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा) २.०७, ३१३ स्ट्राइकआउट. तेही अशा काळात की प्रत्येक संघात चाळीस होम रन मारणारे रांगेने उभे होते. समोर टेक्ससचा कॅचर इव्हान रॉड्रिगेझ, .३३२, ३५ होम रन, २५ स्टील (चोरलेले बेस). पहिली मतं पेड्रोला आठ, रॉड्रिगेझला सात. एकूण गुण रॉड्रिगेझ २५२, पेड्रो २३९. अठ्ठावीसपैकी दोन मतदारांनी पेड्रोला दहातही घेतलं नव्हतं, कारण काय तर पाच दिवसांतून एकदा खेळणारा पिचर एमव्हीपी कसा. त्यातल्या एकाच्या आदल्या वर्षीच्या मतपत्रिकेवर दोन पिचर होते! त्या दोघांनी पेड्रोला चौथं लिहिलं असतं तर सात आणि सात चौदा, तो २५३ वर. ज्या २६ जणांनी त्याला लिहिलं त्यांची सरासरी काढली तर दर मतपत्रिकेला ९.१९ पडते, रॉड्रिगेझची सगळ्या २८ वर बरोबर ९. हा हिशेब करताना मनात दोन गोष्टी एकदम येतात. पिचरविरुद्धचा तो युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तीसेक सामने आणि दीडशे सामने यांत फरक आहेच, नियमात ‘किती सामने’ हा शब्द आहेच. पण त्या युक्तिवादाने पेड्रो पहिल्यावरून चौथ्यावर यायला हवा होता. अकराव्याच्याही खाली नव्हे. मतदाराचं मत चुकीचं असलं तर चालेल, मतभेदासाठीच तीस जण लागतात. पण एका माणसाच्या मताने इतरांच्या चौदा गुणांएवढं वजन खेचू नये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की व्याख्येच्या मागे लागू नका. ती संदिग्ध आहे, बरं आहे. मोजायची रीत बदला.

रीत अशी. पहिल्या दोघांचे, हवं तर तिघांचे, आमनेसामने सामने लावा. तीस मतपत्रिका घ्या, आणि दर मतपत्रिकेवर फक्त एवढंच बघा: जज वर की राली वर? ज्याचं नावच नाही तो लिहिलेल्याच्या खाली धरायचा. जो जास्त मतपत्रिकांवर वर, तो जिंकला. २०२५ ला निकाल १७–१३, कोष्टक लागलंच नाही. आणि पेड्रोसारख्या वर्षी त्याला गाळणारे दोन मतदार म्हणजे रॉड्रिगेझच्या बाजूची दोन मतं, बस. दुसरा लिहिलं काय, सातवा लिहिलं काय, गाळलं काय, एका मतदाराचं वजन एकच. हट्ट, विसराळूपणा, गावची माया, सगळं एका मतात बांधलं जातं. दहा नावांच्या जोड्या होतात पंचेचाळीस. हाताने मोजायला दुपार जाईल, संगणकाला डोळ्याचं पातं लवायलाही वेळ लागत नाही. आता सगळ्या मतपत्रिका संघटनेच्या संकेतस्थळावर मतदाराच्या नावासकट प्रसिद्ध होतात, तेव्हा कुणालाही घरबसल्या पडताळता येईल. २०१७ ची नॅशनल लीग घेऊन बघावी: जियानकार्लो स्टँटन ३०२, जोई व्होट्टो ३००, दोघांनाही पहिली मतं दहा-दहा. कुठल्याही एका मतदाराने दुसऱ्या ओळीपासून खाली आधी स्टँटन, लगेच व्होट्टो अशी लिहिलेली ही दोन नावं अदलाबदल केली असती, तर बरोबरी. अशा निकालाला ‘दोन गुणांचा विजय’ म्हणणं म्हणजे तराजू हलत असताना वजन वाचणं.

अडचणी आहेत, त्या झाकत नाही. तीस हा सम आकडा, तेव्हा १५–१५ अशी बरोबरी आत्तापेक्षा जास्त वेळा होईल. तिथे गुणांची बेरीज निर्णायक धरावी लागेल. दुसरी, तिघांत चक्र अडकू शकतं: पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याला. मतं प्रामाणिक असूनही असं घडतं, त्यात कुणाची लबाडी नसते. तिथेही पुन्हा बेरीजच. तिसरी अडचण गणिताची नाही. ‘४१० विरुद्ध २८०’ असा २०२२ चा निकाल ऐकला की जजने शोहेई ओतानीला झोपवलं असं वाटतं. ‘२८–२’ मध्येही तेच वाटतं खरं, पण ४१० या आकड्याला एक दणका आहे. दहा नावांची यादी, तिच्या गुणांची उतरंड, आपला माणूस नववा आला म्हणून झालेला आनंद, हे सगळं लोकांना हवं असतं. ते काढून घ्यावं असं मलाही वाटत नाही.

संघाचं यश धरायचं की नाही हा वाद मी फार लांबवणार नाही. २०१२ ने तो माझ्यापुरता मिटवला. मिगेल काब्रेराचा ट्रिपल क्राउन, १९६७ च्या कार्ल यास्ट्रझेम्स्कीनंतरचा पहिला, आणि समोर माइक ट्राउट, ४९ स्टील, ३० होम रन, मैदानभर धावणारा विशीचा पोरगा, वॉरमध्ये कितीतरी पुढे. काब्रेराच्या बाजूने म्हटलं गेलं की त्याने डेट्रॉइटला प्लेऑफमध्ये नेलं. डेट्रॉइटचे विजय ८८. ट्राउटच्या एंजल्सचे ८९. फरक एवढाच की डेट्रॉइटचा गट लेचापेचा होता. ज्या निकषात शेजारच्या संघांची दुबळाई खेळाडूच्या खात्यात जमा होते, तो निकष खेळाडूचा नाही. तरी २८ पैकी २२ पहिली मतं काब्रेराला पडली, आणि आमनेसामने मोजलं असतं तरी तोच जिंकला असता. रीत बदलून मतदाराचं डोकं बदलत नाही, आणि बदलूही नये.

स्वभाव आणि निष्ठेचं ते तिसरं कलम मात्र काढावं असं मला वाटतं. १९९५ मध्ये अल्बर्ट बेलने एकाच हंगामात पन्नास होम रन आणि पन्नासावर डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारले, असं आधी कुणीच केलं नव्हतं. पत्रकारांशी त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पुरस्कार मो व्हॉनला, ३०८–३००. त्या आठ गुणांत किती बेसबॉल होतं आणि किती क्लबहाउसमधली शिवीगाळ, हे वेगळं काढता येत नाही, आणि कलम असल्यामुळे काढायची गरजही पडत नाही. चारित्र्य तोलणाऱ्यांचा तराजू कसा असतो हे पुरस्काराच्या फलकावरच कोरलेलं होतं: अनेक दशकं त्यावर बेसबॉलचा सर्वोच्च अधिकारी, कमिशनर लँडिसचं नाव असे, ज्याच्या चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगचं दार उघडलं नाही. १९४९ मध्ये तो फलक जॅकी रॉबिन्सनला, म्हणजे ते दार ज्याच्यासाठी अखेर उघडलं त्या कृष्णवर्णीय खेळाडूला, दिला गेला. नाव काढलं २०२० मध्ये.

राहता राहिला पैसा, आणि तो आला तसं खालच्या ओळींचं रूप पालटलं. २०२२ च्या करारात खेळाडूंची संघटना आणि मालक यांनी मिळून कमी पगारावर खेळणाऱ्या नव्या खेळाडूंसाठी दर वर्षी पाच कोटी डॉलरचं खातं काढलं. त्यांच्यापैकी कुणी एमव्हीपीच्या मतदानात पहिला आला तर पंचवीस लाख डॉलर, दुसऱ्याला साडेसतरा लाख, तिसऱ्याला पंधरा, चौथ्या-पाचव्याला दहा-दहा लाख. सहाव्याला या मतदानापोटी काही नाही. त्याच वर्षी सिॲटलच्या हुलिओ रॉड्रिगेझने जो लांबलचक करार केला, त्यातली पुढची वर्षं आणि रक्कम तो एमव्हीपीच्या यादीत किती वेळा वरच्या दहांत किंवा पाचांत येतो यावर बांधलेली आहे. म्हणजे विमान पकडायच्या घाईत सातव्या ते दहाव्या ओळीत जे काही भरलं जातं, ते आता कुणाच्या तरी पगारपत्रकात उतरतं. आणि नेमकं तिथेच माझी आमनेसामनेची रीत लंगडी पडते. खालच्या जागांच्या दोघांची नावं काही मतपत्रिकांवर नसतातच. दोघंही नाहीत तिथे तुलना होत नाही, आणि निकाल उरलेल्या थोड्या मतांवर येऊ शकतो. दहा लाख डॉलर त्यावर सोडवत नाहीत. तेव्हा पहिली जागा आमनेसामने ठरवायची आणि दुसरीपासून खाली जुनीच बेरीज ठेवायची, पण त्या बेरजेत चौदा नको, दहाच. पहिल्या नावाला जादा वजन द्यायचं कारण पहिली जागा वेगळी मोजल्यावर उरत नाही, आणि पाचव्या जागेच्या भांडणात कुणा एकाच्या लाडक्याला मिळालेले ते चार गुण फुकटचे ठरतात.